६१७४ आणि आपली रोकडवही

अकलोलीहून मी तुमच्या गटाची समन्वयक बोलतेय. जवळ वही-पेन असेल तर घ्या, आज एक आकडा करून बघायचा आहे.

चार अंकी कुठलीही रक्कम घ्या. चारही अंक सारखे नकोत, एवढीच अट. समजा १८५०. हेच अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा: ८५१०. आता उलटे: ०१५८. वजा करा, आले ८३५२. पुन्हा तसंच: ८५३२ मधून २३५८ गेले, राहिले ६१७४. अजून एकदा करा. ७६४१ वजा १४६७, परत ६१७४! आता हा आकडा हलायचा नाही. दुसरी रक्कम घेतलीत तरी जास्तीत जास्त सात वेळा वजाबाकी केली की इथेच याल. मध्ये तीनच अंक आले तर पुढे शून्य लावा.

हे शोधलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १९०५ साली डहाणूचा, म्हणजे तेव्हाच्या आपल्या ठाणे जिल्ह्यातला. नाशिकजवळ देवळालीला ते शाळामास्तर होते. १९४९ मध्ये त्यांनी हा आकडा मांडला. १९७५ मध्ये अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी त्यावर लिहिलं आणि मास्तरांचं नाव जगभर गेलं. आज ६१७४ ला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

आता याचा आपल्या गटाशी काय संबंध? ६१७४ ला नऊने पूर्ण भाग जातो. जाणारच! अंक तेच ठेवून नुसत्या जागा बदलल्या आणि वजाबाकी केली, तर उत्तराला नऊने भाग जातोच. कारण एककातला १ दशकात गेला की १० होतो, म्हणजे ९ ने वाढतो. दशकातला शतकात गेला की ९० ने वाढतो.

बैठकीत रोकडवही आणि पेटीतली रक्कम जुळली नाही की काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे. कुजबुज सुरू होते आणि सगळ्यांच्या नजरा हिशेब लिहिणाऱ्या ताईकडे वळतात. अशा वेळी आधी फरकाला नऊने भागा. समजा फरक ९० आहे. भाग गेला. मग ५६० चे ६५० लिहिले गेलेत का, ते शोधा. फरक ४५० असेल तर ५० पुढे एक शून्य जास्त पडलंय का, ते पाहा. भाग गेला नाही, तर राहून गेलेली किंवा दोनदा लिहिलेली नोंद शोधा. फरकाच्या निम्म्या रकमेची एखादी नोंद जमेऐवजी खर्चात गेलीय का, तेही बघा.

मात्र नऊने भाग गेला म्हणजे चूक लिहिण्याचीच, असं पक्कं होत नाही. खरंच ९० रुपये कमी असू शकतात. ही खूण फक्त आधी कुठे बघायचं ते सांगते. खात्री प्रत्येकीचं पासबुक वहीशी ताडूनच होते.

वर्षानुवर्षं फुकट लिहिणारी ताई एका उलट्या आकड्यापायी चोर ठरली, तर पैसे मागाहून जुळतात, माणूस जुळत नाही. म्हणून पुढच्या बैठकीत फरक निघाला, तर आवाज चढवण्याआधी भागाकार करा.

येते मी. नमस्कार!