घाट आणि बंदर

राजापूरचे बंदर केवळ समुद्राने मोठे केले नव्हते. देशावरचा माल अणुस्कुरा घाटाने येथे उतरे आणि जैतापूरच्या खाडीतून परदेशी जाई. सतराव्या शतकात इंग्रजांनी येथे वखार घातली, ती याचसाठी. पुढे खाडी गाळाने भरली, गलबते येईनाशी झाली.

1990 साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, तेव्हा केंद्राने 51, महाराष्ट्राने 22, कर्नाटकाने 15, गोवा व केरळने प्रत्येकी 6 टक्के भांडवल उचलले. (राजापूर रोड स्थानक शहरापासून इतके दूर का, हा निराळा विषय!)

वैभववाडी-कोल्हापूर मार्गास 2016 च्या अर्थसंकल्पात मंजुरी मिळाली. निम्मा भार राज्याने सोसावयाचा. घाटावरची साखर कोकणच्या बंदरात उतरावयाची असेल, तर या मार्गाचा आग्रह कोल्हापुरानेही कोकणाइतकाच धरला पाहिजे.