म्हातारा आणि महाराज

(शताब्दी सोहळ्यात केलेलं भाषण)

माझं शिक्षण चौथी. चुकलं तर माऊलींनी सांभाळून घ्यावं.

चांगदेव चौदाशे वर्षांचे, असं आपण कीर्तनात सांगतो. ज्ञानोबारायांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यालाच अडले. चिरंजीव लिहावं तर ज्ञानानं मोठे, तीर्थरूप लिहावं तर वयानं लहान. शेवटी कागद कोराच धाडला. त्यावरून मुक्ताईनं त्यांना टोकलं, पण मला त्यांचं कौतुक वाटतं. ते अडले तरी. आपण कुठं अडतो?

मी सकाळी डोंबिवली स्टेशनाबाहेर भाजी घेऊन बसतो. एकदा एक पस्तिशीतले साहेब म्हणाले, "ए म्हाताऱ्या, मेथी कशी दिली?" दिली दहाला. त्याच संध्याकाळी त्यांच्याच सोसायटीत माझं कीर्तन. डोक्याला फेटा, कपाळी बुक्का, गळ्यात हार. साहेब पाया पडले. "महाराज, या वयातही काय आवाज आहे!" आता वय तर सकाळचंच होतं! त्यांनी ओळखलं नाही, मीही बोललो नाही. पाकीट घेतलं न् आलो.

त्या सोसायटीत ५८ ला निवृत्त झालेल्यांना सगळे काका, आजोबा म्हणतात. गेटवरचा वॉचमन सत्तरीचा, तो नुसता 'ए वॉचमन'. साहेबांचा पंचविशीतला मुलगा 'अजून लहान आहे', आणि टपरीवरचं बारा वर्षांचं पोर 'मोठं झालं, कामाला लागलं'.

पण लोकांना किती बोलू? आमच्या भातलावणीला एक कातकरी येतो, माझ्याहून थोरला. आमची पोरं मला अहो आप्पा म्हणतात, त्याला अरे काळ्या. ओझं उचलायचं असलं की मीच म्हणतो, तू अजून दणकट आहेस. मजुरी मोजताना म्हणतो, आता तुझ्यानं होत नाही. एसटीत ६५ ला अर्धं तिकीट, ७५ ला फुकट. मी अर्ध्या तिकिटात फिरतो. त्याच्या आधार कार्डावर १ जानेवारी, साल कुणीतरी अंदाजानं घातलेलं. कागदावर त्याची साठीसुद्धा भरलेली नाही, म्हणून तो पूर्ण तिकीट काढतो.

दिंडीत आपण लहानथोर न बघता एकमेकांच्या पाया पडतो. तो दरसाल वेशीपर्यंत येतो, उभा राहतो. गेल्या आषाढीला म्हटलं, चल. तर म्हणाला, "मना कोन माऊली म्हननार?"

मला उत्तर सुचलं नाही. त्याचं पुरं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं. परवा वाडीवर जाऊन विचारून आलो. यंदाच्या यादीत लिहिलंय. वयाचा रकाना तेवढा मोकळा आहे.