प्रकाशाच्या तालावर इलेक्ट्रॉन

तारेतून वीज वाहू लागली की तार तापते, हा अनुभव खेड्यातील वायरमनपासून वीजकेंद्रातील अभियंत्यापर्यंत सर्वांच्या परिचयाचा आहे. इलेक्ट्रॉनांच्या वाटेत अडथळे येतात व विजेचा काही अंश उष्णतेच्या रूपाने वाया जातो. मात्र हा अडथळा समूळ नाहीसा होतो अशीही एक अवस्था पदार्थाला प्राप्त होऊ शकते. नेदरलँड्समधील लायडन येथे १९११ मध्ये कामरलिंग ओनेस यांनी पारा उणे २६९ अंश सेल्सियसपर्यंत थंड केला, तेव्हा त्याचा विद्युतरोध एकाएकी लोप पावला. या गुणधर्माला अतिसंवाहकता असे नाव आहे. १९८७ मध्ये इट्रियम, बेरियम, तांबे व ऑक्सिजन यांचे एक संयुग उणे १८० अंशांच्या सुमारासच अतिसंवाहक होते असे आढळले. प्रगती मोठी खरी. पण थंडीची अट काही सुटली नाही.

ही अट प्रकाशाच्या साह्याने शिथिल करता येईल काय, हा या व्याख्यानाचा विषय आहे. प्रथमदर्शनी हा प्रश्नच विपरीत वाटेल. उन्हात ठेवलेली घागर तापते. आणि उष्णता तर अतिसंवाहकतेची वैरीण. उत्तर दडले आहे ते तालात. झोपाळ्याला वेळी-अवेळी धक्के दिले तर तो नुसता हिंदकळतो. त्याच्या लयीत हलकासा रेटा दिला तरी उंच जातो. स्फटिकातील अणूही आपापल्या ठरावीक लयीत आंदोलत असतात. वरील संयुगातील विशिष्ट ऑक्सिजन अणूंची लय सेकंदाला सुमारे २० लाख कोटी आंदोलने इतकी आहे. अवरक्त प्रकाशाचा स्पंद नेमका याच लयीचा निवडला, तर इतर अणू फारसे न तापता तेवढेच अणू जोराने हलतात.

प्रकाश व कंपने यांचे हे नाते भारतीय वाचकांना नवे नाही. कलकत्त्यात १९२८ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शोधलेल्या परिणामात विखुरलेला प्रकाश रेणूंच्या कंपनांची वार्ता घेऊन येतो. येथे तो वार्ताहर राहत नाही, स्वतःच कंपने घडवितो.

जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील माक्स प्लांक संस्थेत आंद्रेआ काव्हालेरी व त्यांचे सहकारी यांनी हा मार्ग चोखाळला. अशा प्रकाशस्पंदानंतर त्या संयुगात खोलीच्या तपमानालाही अतिसंवाहकतेसारखी लक्षणे क्षणभर दिसली. स्फटिकात नेमके काय घडले, हे अमेरिकेतील क्ष-किरण लेसरच्या साह्याने तपासण्यात आले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार तांबे व ऑक्सिजन यांचे जोडथर मीटरच्या लाख-कोटीव्या भागाच्या सुमारे दुप्पट इतके जाड झाले आणि त्यांमधील थर तेवढाच पातळ झाला. हे अंतर अणूच्या व्यासाच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्याइतके. पण इलेक्ट्रॉनांचे वर्तन पालटण्यास ते पुरेसे ठरावे, असा संशोधकांचा तर्क आहे.

‘क्षणभर’ हा शब्दही येथे फार सैल आहे. ही अवस्था सेकंदाचे काही लाख-कोटीवे भाग एवढाच काळ टिकली. इतक्या अल्पावधीत साध्या मापकाने रोध मोजणे शक्य नसते; परावर्तित प्रकाशावरून तो अनुमानावा लागतो. त्यामुळे या अनुमानावर काही भौतिकीविदांनी आक्षेप घेतले, आणि ते अनाठायी नाहीत. प्रकाशाने चेतविलेला थर अतिशय पातळ असतो; त्याचा हिशेब थोडा चुकला तरी वेगळाच अर्थ निघू शकतो. मग पुरावा दुसऱ्या बाजूने शोधण्यात आला. थंड केलेला अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्र बाहेर लोटतो, हे १९३३ पासून ज्ञात आहे. प्रकाशाने चेतविलेल्या त्याच संयुगातही असे घडत असल्याचे या गटाने २०२४ मध्ये नोंदविले.

काळ लांबविण्याचा प्रयत्न दुसऱ्या एका पदार्थात अधिक फळला. चेंडूच्या आकाराचे कार्बन रेणू व पोटॅशियम यांचा हा पदार्थ एरवी उणे २५३ अंशांच्या सुमारास अतिसंवाहक होतो. २०१६ मध्ये प्रकाशाच्या प्रभावाखाली त्यात त्याहून पुष्कळ अधिक तपमानाला तशी लक्षणे आढळली. २०२१ मध्ये अधिक लांब स्पंद वापरताच ती सेकंदाच्या काही अब्जांशांपर्यंत टिकून राहिली.