विज्ञान-प्रदर्शनाची तयारी : आयांसाठी चार गोष्टी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला पाककृती, भरतकाम, आरोग्य यांवर बोलणाऱ्या बायका आपल्या मंडळात पुष्कळ आहेत. चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो मात्र निराळा. शाळेतल्या लहान मुलांच्या विज्ञान-प्रयोगाला घरच्यांनी मदत कशी करावी, हा तो विषय. प्राथमिक शाळेत शिकवण्यात माझी तीसएक वर्षे गेली म्हणून तो माझ्या वाट्याला आला असावा. दुसरेही एक कारण आहे. जानेवारी संपत आला की दोन-तीन आया शाळेची सूचना मोबाइलवर दाखवीत माझ्या दाराशी येतात आणि म्हणतात, "बाई, परवापर्यंत काहीतरी करून द्यायचंय हो!"

त्या ‘करून द्यायचंय’पाशीच मला जरा थांबावयाचे आहे. पोराला दप्तर भरून द्यावे, डबा भरून द्यावा, तसा प्रयोगही भरून द्यावा असे आपल्याला वाटू लागले आहे. बाजारात तयार ज्वालामुखी मिळतो, तयार सूर्यमाला मिळते. बाबा रात्री जागून तक्ता लिहितात, आई कडेला नक्षी काढते, आणि मूल सकाळी पाठ केलेली चार वाक्ये म्हणून दाखवते. त्यात मुलाचे काय, तर गणवेश!

फेब्रुवारीतच ही धांदल का उडते, ते सांगते. २८ फेब्रुवारी १९२८ या दिवशी चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी आपला प्रकाशाविषयीचा शोध जाहीर केला. म्हणून १९८७ पासून हा दिवस आपल्याकडे राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतात. पण रामन यांना या वाटेवर आणले ते १९२१ सालच्या बोटीच्या प्रवासाने. भूमध्य समुद्राचे निळे पाणी पाहून त्यांना प्रश्न पडला, समुद्र निळा का? आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून, हे त्या वेळचे उत्तर त्यांना पटेना. मधली सात वर्षे त्या प्रश्नामागे गेली. म्हणजे आधी प्रश्न, मग उपकरण, आणि तक्ता तर सगळ्यांत शेवटी. आपल्या घरी नेमके उलटे चालते. आधी पुठ्ठा आणतो आणि मग त्यावर काय चिकटवावे याचा विचार करतो.

तेव्हा पहिले काम म्हणजे प्रश्न शोधणे, आणि त्याला चांगला आठवडा द्यावा. मुलाला समोर बसवून "सांग पाहू तुझा प्रश्न" म्हटले तर ते गप्पच बसेल. त्याला स्वयंपाकघरात लुडबुड करू द्यावी. दही कालच्यापेक्षा आज उशिरा का लागले? हळदीच्या डागाला साबण लावला तर तो लाल का होतो? आपण हळदीत चुना कालवून लाल पाणी करतो, त्यातले गुपित तेच. साबण आणि चुना एका जातीचे, लिंबू दुसऱ्या जातीचे. हळदीच्या पाण्यात कागदाच्या पट्ट्या बुडवून वाळवल्या की तिसरीतले मूलसुद्धा घरातले दहा पदार्थ तपासू शकते. मात्र चुन्याला आणि फरशीच्या औषधाला हात आपण लावावा, मुलाने नुसते पाहावे. विस्तव, सुरी आणि भिंतीतली वीज यांचेही तसेच. दिवा पेटवून दाखवायचा असेल तर दीड व्होल्टचा सेल पुरे होतो.

प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर मोजून मिळेल. "झाडे का महत्त्वाची?" हा निबंधाचा विषय झाला. "मटकीला मोड अंधारात लवकर येतात की उजेडात?" हा प्रयोगाचा झाला.

दुसरी गोष्ट तुम्हां सुगरणींना मी काय सांगावी! आमटी बिघडली आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही मीठही कमी केले, पाणीही वाढवले, चिंचही बदलली, तर ती कशाने सुधारली हे कळेल का? प्रयोगात बदलायचे ते एकच, बाकी सगळे सारखे. हे एवढे मुलाला उमजले तर प्रदर्शनाला न जाताही त्याचे वर्ष सार्थकी लागले असे मी समजेन.

मटकीचेच सांगते. २०२३ सालच्या फेब्रुवारीत आमच्या शेजारच्या चौथीतल्या मुलीने हा प्रश्न घेतला. तिने दोन ताटल्यांत ओले फडके पसरून दोन्हींत रात्रभर भिजलेली मटकी घातली, पन्नास-पन्नास दाणे मोजून. एक ताटली खोक्याखाली, दुसरी खिडकीपाशी. ऊन थेट लागेल अशी नव्हे हं, कारण मग उजेडाबरोबर ऊबही बदलते. दोन्हींना पाणी चमच्याने मोजून. सकाळ-संध्याकाळ मोड मोजायचे आणि वहीत लिहायचे, तारीख-वेळेसकट. शाळेच्या पुस्तकात ‘वनस्पतीला सूर्यप्रकाश लागतो’ असे शिकलेली ती. उजेडातल्या मटकीला जास्त मोड येणार अशी तिची खात्री. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकडे आले उजेडात सेहेचाळीस, अंधारात सत्तेचाळीस!

घरात चर्चा झाली. वडील म्हणाले, परीक्षकांना हे चुकीचे वाटेल. पोरगी वही घेऊन माझ्याकडे आली. "आजी, सत्तेचाळीसचे सदतीस केले तर चालेल का?"

भगिनींनो, मला वाटते सबंध प्रयोगात खरा प्रसंग हाच असतो, आणि तो बहुतेक घरी येतो. आकडा खोडणे दोन क्षणांचे काम. पण नऊ वर्षांच्या मुलीने डोळ्यांनी पाहिलेले खोडले आणि मोठ्यांनी त्याला मान डोलावली, तर तिने काय शिकावे? मी तिला ओरडले नाही, उपदेशही केला नाही. म्हटले, खोडू नकोस, आणि ताटल्या टाकूही नकोस. आणखी तीन दिवस पाणी घाल आणि मोजपट्टी घेऊन बस.

पाचव्या दिवशी ती धावतच आली. अंधारातले मोड लांबलचक, पांढुरके-पिवळे, मान टाकलेले. उजेडातले आखूड, ताठ आणि हिरवट! मोड फुटायला लागते ते दाण्यातच साठवलेले असते, त्याला ओल आणि ऊब पुरते. उजेडाचे काम पुढे, पाने अन्न करू लागली म्हणजे. आणि अंधारातला कोंभ उजेड शोधण्यासाठी भराभर उंच होतो, म्हणून तो लांब. पुस्तकही खोटे नव्हते आणि तिची वहीही खोटी नव्हती. आकडा खोडला असता तर ताटल्या त्याच दिवशी उसळीत गेल्या असत्या!

तिला बक्षीस मिळाले नाही. ते ज्वालामुखीला गेले. पण एका परीक्षकबाईंनी तिला विचारले, पाचच दाणे का नाही घेतलेस? ती म्हणाली, "एखादा गणंग निघाला असता तर हिशेब बिघडला असता." हे उत्तर तिला कोणीही पाठ करून दिलेले नव्हते.

ज्वालामुखीवर माझा राग आहे असे समजू नका. सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस म्हणजे काही लाव्हा नव्हे, लाव्हा हा वितळलेला खडक. एवढे मुलाला सांगितले पाहिजे. पण त्याच सामानाचा प्रयोग होऊ शकतो. बाटलीत व्हिनेगर, फुग्यात सोडा. फुगा तोंडाला बसवून सोडा आत पाडायचा. सोडा दर वेळी एकच चमचा, व्हिनेगर मात्र वाढवत जायचे, आणि शिवणाच्या टेपने फुग्याचा घेर मोजायचा. घेर वाढत वाढत एका ठिकाणी थांबतो. सोडा संपला ना! हे मुलाने स्वतः ओळखावे, आपण ओठ मिटून बसावे. फार कठीण असते ते.

ज्यांच्या घरी गच्ची वा अंगण आहे त्यांना सावलीचा प्रयोग सुचवीन. त्याला पैसाही लागत नाही. एक काठी सरळ उभी करावी आणि साडेअकरापासून दीडपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीची लांबी मोजावी. मुलाला वाटते, बाराला सावली सर्वांत लहान. मुंबईत फेब्रुवारीच्या मध्याला ती लहान होते एकला सात-आठ मिनिटे कमी असताना! आपली घड्याळे चालतात ती साडेब्याऐंशी रेखांशावरच्या वेळेने. मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला, म्हणून सूर्य आपल्या डोक्यावर सुमारे एकोणचाळीस मिनिटे उशिरा येतो. वरची काही मिनिटे वर्षभर कमीजास्त होत असतात. हे कारण चौथीतल्या मुलाला थोडेच कळेल, आणि तेवढे पुरे आहे. घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा वेगळे, हे त्याने काठीने सिद्ध केले ना?

तक्त्याविषयी थोडक्यात. अक्षर मुलाचे असावे, वाकडे असले तरी. वर प्रश्न, मग काय वाटले होते, काय केले, काय मोजले, काय दिसले. वही शेजारी ठेवावी, डागांसकट. थर्माकोल नको, सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून आपल्या राज्यात बंदीही आहे. भाषण पाठ करून घेऊ नये. त्याऐवजी रात्री जेवताना घरातल्या एकेकाने एकेक प्रश्न विचारावा. आजोबांना ऐकू कमी येत असेल तर फारच उत्तम, मूल मोठ्याने आणि सोपे बोलायला शिकते.

आता कामाचे. चिटणीसबाईंच्या परवानगीने येत्या शनिवारी दुपारी चार वाजता मंडळाची ही खोली मुलांसाठी उघडी राहील. तिसरी ते पाचवीच्या मुलांनी एकेक प्रश्न घेऊन यावे, आयांनी बाहेर ओटीवर बसावे. मोजपट्ट्या माझ्याकडे तीन आहेत. शिवणवर्गाने दोन टेप द्यावेत, आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा कोणीतरी आधी पुसून ठेवावा.