एकीचा मुद्दा, दुसरीचा दुजोरा

आम्ही गटांच्या बैठकांना जातो, तिथे हिशेब असो की वसुली, सगळ्या जणी मोकळ्या बोलतात. पण ग्रामसभेत किंवा बँकेच्या साहेबांसमोर उभं राहिलं, की पहिलं वाक्य येतं, “आम्हाला काही फार कळत नाही, पण...” मुद्दा खरा असतो, मात्र या सुरुवातीनंच त्याचं वजन कमी होतं.

बायकांचं बोलणंच असं, हे म्हणणं खरं नाही. अमेरिकेत ओबार आणि ॲटकिन्स यांनी कोर्टातल्या साक्षी तपासल्या आणि १९८० मध्ये त्यावर लिहिलं. चाचरत बोलणाऱ्यांत पुरुषही होते. तज्ज्ञ म्हणून साक्ष देणारी डॉक्टर बाई मात्र नेमकं बोलत होती. म्हणजे हा फरक बाई-पुरुषाचा कमी, मान आणि अनुभवाचा जास्त.

मग साहेबांसारखं ठासून बोललं की झालं? तेही सोपं नाही. लिंडा कार्ली यांच्या १९९० च्या अभ्यासात दिसलं, की बाई बिचकत बोलली तर पुरुषांवर तिचा प्रभाव जास्त पडतो, पण तिला समज कमी आहे असं ठरतं. ठाम बोलली तर बायकांना पटतं, पुरुषांना खटकतं. पुरुष कसाही बोलला तरी त्याला फरक पडत नाही! म्हणून एकटीनं आवाज चढवून भागत नाही. सोबत लागते.

ओबामा अध्यक्ष असताना व्हाइट हाऊसमधल्या महिला अधिकाऱ्यांनी हेच केलं. बैठकीत एकीनं मुद्दा मांडला, की दुसरी तिचं नाव घेऊन तो पुन्हा सांगायची. मुद्दा हवेत विरत नसे आणि दुसऱ्याच्या नावावरही जात नसे.

आपल्याकडे नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी, अशी कायद्यात तरतूद आहे. तिथेच ठरवून घ्या. एकीनं ग्रामसभेत सांगायचं, “नळाला चार दिवसांआड पाणी येतं.” दुसरीनं लगेच म्हणायचं, “ताईंनी मांडलेला पाण्याचा मुद्दा त्यांच्या नावानं प्रोसिडिंगला लिहा.” तिसरीनं, लिहिलेलं वाचून दाखवायला सांगायचं.

बँकेतही तसंच. एकीनं आधी रक्कम आणि परतफेडीचा हिशेब सांगावा, दुसरीनं पासबुक पुढे करावं. “कळत नाही” हे शब्द मात्र घरीच ठेवून जा.