फोन कोणाच्या हातात असावा?

(वणी येथे कार्यकर्ते आणि विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिलाय 'फिरत्या माणसांसाठी मोबाइल सेवा'. समोर बी.सी.ए. करणारी मुलंमुली आहेत, दोघं-तिघं ॲप बनवताहेत असंही कळलं. म्हणून आधी आपल्याच भागातली माणसं डोळ्यांसमोर आणा. आपल्याभोवती कोळशाच्या खाणी आहेत, राजूरला चुनाभट्ट्या आहेत, जिनिंग आहे, विटाभट्ट्या आहेत. तिथे परराज्यांतून माणसं येतात. उलट मिरची तोडायला चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बाया तेलंगणात जातात. म्हणजे आपण एकाच वेळी येणाऱ्यांचं आणि जाणाऱ्यांचं गाव आहोत.

आता यांचा फोन बघा. घरात एकच, तो नवऱ्याबरोबर ट्रकवर. रिचार्ज परवडेल तेव्हा. तीन महिने वापर नसला तर प्रीपेड सिम बंद पडू शकतं आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो. लोकांचे अर्ज भरायला बसतो तेव्हा हे नेहमी पाहतो. विटाभट्टीवरची एक बाई आली होती. कागद सगळे बरोबर होते, पण ओटीपी ज्या नंबरवर जात होता तो दोन वर्षांपूर्वी सुटला होता. नंबर बदलायचा तर मूळ गावच्या कार्यालयात या, असं उत्तर मिळालं. जाण्यायेण्यात आठवड्याची मजुरी बुडाली असती. ती गेली नाही, पैसेही मिळाले नाहीत. फिरणाऱ्या माणसाची ओळख त्याच्या मोबाइल नंबरला बांधली, की तो माणूस हलला रे हलला की ओळख सुटते.

याच्या उलट उदाहरण रेशनचं आहे. 'एक देश एक रेशन कार्ड' ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालं, ते आंध्र-तेलंगणा आणि गुजरात-महाराष्ट्र अशा दोन जोड्यांपासून. लॉकडाऊनमध्ये मजुरांचे जे हाल झाले, त्यानंतर २९ जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना महिन्याभरात ते लागू करायला सांगितलं. जून २०२२ मध्ये आसाम आलं आणि देश पूर्ण झाला. यात मजुराने काय करायचं? कार्डाचा किंवा आधारचा नंबर सांगायचा, दुकानदाराच्या ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवायचा. स्मार्टफोन नको, ओटीपी नको. अर्धं कुटुंब गावी असेल तर त्यांनी तिथलं धान्य घ्यावं, इथे असलेल्याने आपलं इथे घ्यावं. 'मेरा राशन' ॲप मार्च २०२१ मध्ये आलं खरं, पण त्याच्यावाचून धान्य अडत नाही. मला यातली हुशारी हीच वाटते. अडचणी आहेतच, राबून राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा अंगठा मशीन घेत नाही. आणि राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालच्या कार्डांनाच ही सोय आहे, बाकीच्या केशरी कार्डवाल्यांनी आशा ठेवू नये.

मग तुम्ही म्हणाल, फोन मजुराकडे नको, सरकारी माणसाच्या हातात द्या. दिला होता! ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या राज्यातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत नेऊन दिले. फोनची मेमरी अपुरी, तापायचे, आणि पोषण ट्रॅकर इंग्रजीत. दहावी-बारावी शिकलेल्या, अख्ख्या गावाची बाळं तोंडपाठ असलेल्या बाईला इंग्रजीत नावं भरायला लावली. आळस म्हणून नाही, काम होईना म्हणून त्यांनी फोन ठेवले. वास्तविक कल्पना चांगली होती. त्याच वर्षाच्या शेवटी राज्याने स्थलांतर करणाऱ्या गरोदर बाया आणि बालकांची नोंद ठेवणारी प्रणाली काही जिल्ह्यांत सुरू केली, त्यात शेजारचं चंद्रपूरही होतं. बाई गाव सोडताना इथली सेविका नोंदवणार, पोहोचल्यावर तिथली सेविका आहार आणि लस देणार. पण विचारा, तिथल्या सेविकेला आपल्या बाईची भाषा येते का? इथे मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू, गोंडी, कोलामी सगळं कानावर पडतं. स्क्रीनवर किती दिसतं?

छत्तीसगडमध्ये २०१० पासून 'सीजीनेट स्वरा' चाललं. साध्या फोनवर नंबर लावायचा आणि आपल्या बोलीत, गोंडीतसुद्धा, बातमी सांगायची. वाचता येण्याची अट नाही. रिझर्व्ह बँकेनेही मार्च २०२२ मध्ये साध्या फोनवरून यूपीआय करायची वाट काढली.

म्हणून ॲप बनवणाऱ्यांना माझी विनंती: कोड लिहायच्या आधी चार दिवस वणी स्टेशनवर आणि भट्टीवर बसा. नंबर बदलला तर काय होईल, फोन नवऱ्याकडे असला तर काय, सही येत नसली तर काय, हे विचारा. आणि कार्यकर्त्यांनो, रेशन पोर्टेबिलिटीची हेल्पलाइन १४४४५ आहे. आज घरी जाताना ती भट्टीच्या भिंतीवर, जिथे मजूर राहतात तिथे, मोठ्या आकड्यांत लिहा. दुकानदार परगावचं कार्ड बघून नाही म्हणाला, तर त्याच्यासमोर उभं राहूनच फोन लावा.