सापडलेले नाणे कोणाचे?
(लक्ष्मीबाई नगर येथील गणेशोत्सवात केलेले भाषण)



कॉलनीतल्या एका तरुणाने नुकताच मेटल डिटेक्टर घेतला आहे. "काका, दिवाळीत गावी चला, गढीपाशी शिवराई शोधू," असा त्याचा आग्रह. उत्साह मलाही आहे. पण आधी एक हकिगत ऐका.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची; पण त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला! गौतमीपुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केला, असे नाशिकच्या लेण्यांतील शिलालेख सांगतो. त्याला या नाण्यांनी भक्कम दुजोरा दिला. तपासणीआधीच ती सोनाराच्या मुशीत गेली असती, तर ही साक्ष कायमची बुडाली असती.

यंत्र फक्त धातू असल्याचे सांगते. नाणे कोणत्या थरात, कशाशेजारी होते, ही माहिती घाईने खणताना पुसली जाते. शिवाय १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडल्यास कलेक्टरला कळवावे लागते. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संरक्षित स्मारकाच्या जागी तर परवानगीशिवाय खणताच येत नाही.

म्हणून तरुण मित्रांनो, नाणे दिसले तर घासूनपुसू नका, जागा टिपून ठेवा आणि कलेक्टर कचेरीत कळवा. नाण्यांची आवडच असेल, तर आपल्या दिल्लीतल्या राष्ट्रीय संग्रहालयाचे नाण्यांचे दालन पाहायला चला. मी आनंदाने बरोबर येईन.

गणपती बाप्पा मोरया!